सेंट्रल लाइन, बालरुग्णांतील

सेंट्रल लाइन म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टोक राहील अशी बसवलेली बारीक, लवचीक नळी. ती मानेतून, छातीच्या वरच्या भागातून किंवा जांघेतून घालतात. नवजात बाळाला नाळेतूनही घालता येते. दंडातून वर सरकवलेल्या नळीला वॉर्डात ‘पिक लाइन’ म्हणतात. केमोथेरपी, रक्तदाब टिकवणारी औषधे आणि शिरेतून द्यायचे पोषण हातावरच्या नाजूक शिरांना सोसत नाही, म्हणून ही सोय.

जर्मनीत एबर्सवाल्डे येथे १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली. या कामासाठी त्यांना १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लहान आतडे जवळपास नसलेल्या एका बाळाला फिलाडेल्फियात निव्वळ अशा नळीतून पोषण देऊन वाढवल्याचा वृत्तान्त १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बालरोगशास्त्रात या नळीचे स्थान पक्के झाले.

धोके मोठ्यांचेच, पण मुलांत चुकीला जागा फार कमी. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम २४० मिली, म्हणजे मोठा कपभर. नळीचा सांधा रात्री ढिला होऊन रक्त वाहू लागले आणि पांघरुणाखाली दिसले नाही, तर तेवढ्यानेही जिवावर बेतते. टोक हृदयात खोल गेले तर भिंतीला इजा होऊन हृदयावरणात द्रव साचू शकतो. म्हणून नळी घातल्यावर एक्स-रे काढून टोक कुठे आहे ते पाहतात. याशिवाय शिरेत गुठळी होणे, हवा शिरणे हे धोके आहेतच. औषधाच्या मात्रेतली चूकही इथे थेट रक्तात जाते. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २००६ मध्ये मिलीलिटरला १० युनिटऐवजी १०,००० युनिटचे हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) दिले गेल्याने तीन नवजात बाळे दगावली. दोन्ही कुप्या दिसायला सारख्याच होत्या.

सर्वांत जास्त लढाई मात्र जंतुसंसर्गाशी असते. अमेरिकी डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांची पाच कलमी तपासयादी (हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघ टाळणे, गरज संपताच नळी काढणे) अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत कमालीची यशस्वी ठरली. ते निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांबाबत हे गणित जसेच्या तसे लागू पडले नाही. अमेरिकेतील २९ बाल अतिदक्षता विभागांच्या २०१० मधील अहवालात दर हजार लाइन-दिवसांमागे संसर्ग ५.४ वरून ३.१ वर आला, पण फरक पडला तो नळी घालतानाच्या नव्हे, रोजच्या निगराणीच्या काटेकोरपणामुळे. (दहा मुलांना एक दिवस लाइन असली की दहा लाइन-दिवस.) हे पटण्याजोगे आहे: नळी घालायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण ती राहते कित्येक दिवस, आणि तिला दिवसातून अनेकदा हात लागतो.

म्हणून खरी कसोटी लागते ती हबपाशी, म्हणजे औषध जोडायच्या नळीच्या बाहेरच्या तोंडापाशी. औषध जोडण्यापूर्वी सिस्टर स्पिरिटच्या स्वॅबने हबचे तोंड दाबून, पिळल्यासारखे, साधारण पंधरा सेकंद घासते आणि वाळेपर्यंत थांबते. शेजारच्या खाटेवरचा औषधाचा पंप वाजत असताना हे वाळेपर्यंत थांबणेच आधी राहून जाते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचे दोन दिवसांनी बदलतात. ओले झाले किंवा कड सुटली तर लगेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना क्लोरहेक्सिडिन जपून वापरावे लागते, कारण त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. रांगते मूल नळी ओढते, कडेवर घेताना आईच्या बांगडीत ती अडकते. त्यामुळे नळी कुठून कुठे जाते हे आईला पहिल्याच दिवशी दाखवलेले बरे.

‘आज लाइनची गरज आहे का?’ हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारायचा असतो. काढताना मूल आडवे ठेवतात. मोठ्या मुलाला श्वास रोखायला सांगतात, तान्ह्याचा श्वास बाहेर पडताना नळी ओढतात, नाहीतर हवा आत खेचली जाते. जागा दाबून धरून हवाबंद पट्टी लावतात. मग नळीची लांबी मोजून, टोक तुटून आत राहिले नाही हे पाहूनच केसपेपरवर नोंद करतात.