नाव कोल्हापुरी, हात अथणी-निपाणीचे : एका वहाणेची पार्श्वभूमी

बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात 'कोल्हापुरी दाखवा' म्हटले की दुकानदार जो जोड पुढे ठेवतो, तो कोल्हापूरचा असेलच असे नाही. बऱ्याचदा तो अथणीचा, निपाणीचा, नाही तर चिकोडी-रायबागकडच्या एखाद्या गावचा असतो. यात फसवणूक काही नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाचे धनीही दोन. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ (लिडकर). सीमेच्या एकेका गावावरून वर्षानुवर्षे कोर्टात उभी असलेली दोन राज्ये एका कागदावर एकत्र आली ती पायातल्या वहाणेसाठी, हे जरा गमतीचेच.

मग नाव एकट्या कोल्हापूरचे का? कारण नाव पेठेचे पडते, कारागिराच्या गावाचे नाही. जुनी माणसे याला कोल्हापुरी म्हणतच नसत. पायताण म्हणत, वहाण म्हणत, अथणीकडे कानडीत केर म्हणत. माल जिथे विकला जाई त्या शहराचा शिक्का त्यावर बसला. शिवाय रायबाग हा तर कोल्हापूर संस्थानचाच मुलूख होता. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रायबाग बेळगाव जिल्ह्याला जोडला गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. नकाशावर रेघ आली, धंद्यात आली नाही. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. मालाचे गाठोडे कुठल्या दिशेच्या गाडीत चढणार हे त्यावरच ठरत होते.

धंद्याची मुळे मात्र नावापेक्षा खोल आहेत. बाराव्या शतकात कल्याणला (आजचे बसवकल्याण) बिज्जळ राजाचे राज्य असताना बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, हरळय्या नावाचे चर्मकार होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना अर्पण केले, ही कथा या भागात घराघरांत माहीत आहे. ती श्रद्धेची कथा म्हणूनच ऐकावी. पण चामड्याचे काम करणारा समाज तेव्हाही इथे होता आणि आपल्या कामाकडे मानाने पाहत होता, एवढे तिच्यातून कळते. कानडीत त्याला समगार म्हणतात, मराठीत चांभार. कातडे कमावायचे काम परंपरेने ढोर समाजाकडे होते. म्हणजे एका जोडाच्या मागे दोन समाजांचे हात, आणि जोड बांधणाऱ्या घरातही पुरुषांनी तळ कापायचा, बायकांनी पट्ट्यावरची चामड्याची वेणी वळायची अशी वाटणी. वेणी ज्या सफाईने येते त्यावर जोडाचा भाव ठरतो. वेणी वळणारीला त्यातले किती मिळते, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही.

जुनी वहाण आजच्यासारखी नाजूक नव्हती. बाभळीच्या काट्यांतून, काळ्या मातीच्या ढेकळांवरून चालणाऱ्या शेतकऱ्याची ती होती : जाड तळ, दोन्ही बाजूंना पसरलेले रुंद कान, आणि वजन म्हणाल तर जोड सहज किलोभर भरे. कान म्हणजे तळाच्या दोन थरांमधून बाहेर आलेल्या चामड्याच्या पाळ्या. पट्टा त्यांनाच शिवलेला असतो, त्यामुळे पावलाचा सगळा ताण टाके न उसवता तळावर उतरतो. शोभेसाठी म्हणून कोणी ते ठेवलेले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (1894 ते 1922) या धंद्याला दरबारचा आश्रय मिळाला. पुढे 1920 च्या सुमारास हीच कानवाली वहाण पातळ, हलकी करून मुंबईच्या बाजारात गेली. या बदलाशी कोल्हापुरातल्या सौदागर घराण्याचे नाव जोडले जाते. शहरी गिऱ्हाईक मिळाले ते या पातळ रूपाला. कापशी, कुरुंदवाडी ही गावांवरून पडलेली नावे, पुकरी, बक्कलनाली हे आणखी काही प्रकार. दुकानात आज सगळेच एका फळीवर दिसतात.

या वहाणेचे खरे मर्म तिच्या चामड्यात आहे. ते समजले की खरेदी कशी करावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

पारंपरिक पद्धतीत मिठात राखलेले कातडे आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, मग चुन्याच्या निवळीत आठ-दहा दिवस ठेवतात. चुन्याने केसांची मुळे सुटतात. मग केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन टाकायचा. हे धुणे कमी पडले तर चामडे पुढे वाळल्यावर कडकडीत होऊन तडकते. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. कातडे कडेने शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात आणि आत साल भरून तिचा काढा ओततात. काढा कातड्यातून हळूहळू झिरपतो, खाली गोळा होतो, पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवीचे तोंड खाली, बूड वर, म्हणजे दोन्ही टोके सारखी मुरतात. सगळे मिळून महिना-दीड महिना जातो. घाई केली तर बाहेरचे थर मुरतात, मधली शीर कच्ची राहते. असा तळ कापला की कडेला फिकट रेघ दिसते, आणि पहिल्याच पावसात तिथूनच कुजायला लागतो. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे एक-दोन दिवसांत तयार होते, मऊ असते, पाण्याला टिकते. पण ठोकून घट्ट होत नाही आणि पावलाचा आकार धरत नाही.

हा आकार धरणे हीच कोल्हापुरीची खुबी. ओलसर तळ दगडावर ठेवून मोगरीने ठोकतात, त्याने तंतू दाबून बसतात. रापीने कडा तासतात, आरीने भोके पाडतात आणि चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात. खिळा नाही. तळावर टाच, मध्ये कान, कानांवर पट्टा, पट्ट्यावर वेणी, पुढे अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी, तिलाही अंगठाच म्हणतात). पट्टा आणि वेणीसाठी शेळीचे पातळ चामडे, तळासाठी म्हशीचे जाड.

म्हशीचे, कारण आता बाकीचे मिळणे कठीण. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, कर्नाटकात 2020 चा कायदा आला. त्यात 13 वर्षांवरच्या म्हशींचा अपवाद आहे. गावातली कातडी कमावायची कुंडे त्याआधीच ओस पडू लागली होती. बाभळीची साल मिळेना, वासाची तक्रार, आणि शिकलेली मुले त्या कामात राहायला तयार नव्हती, त्यात त्यांचे काही चुकले नाही. आज पुष्कळसे चामडे तामिळनाडूतून कमावून येते आणि अथणीला त्याची वहाण होते. त्यातच भर म्हणून रेक्झिनचे पट्टे, पुठ्ठ्याचे मधले थर आणि डिंकाने चिकटवलेले तळ असलेला स्वस्त माल त्याच नावाने विकला जातो.

मधल्या काळात नाव मात्र दूर गेले. 1970 च्या दशकात हिप्पींच्या पायांतून कोल्हापुरी परदेशी पोहोचली. अथणीत 'टोहोल्ड' नावाने कारागीर बायकांचे गट एकत्र आले आणि थेट निर्यातीच्या मापाचा माल करू लागले : नंबरात अर्ध्याचाही फरक नको, दोन्ही पायांचा रंग एक हवा. पिढ्यान्‌पिढ्या नजरेने माप घेणाऱ्यांना हे शिकणे सोपे नव्हते. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अशाच घडणीच्या वहाणा कोल्हापूरचे नावही न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये लिडकॉम व लिडकरशी करार केला : 2,000 जोड भारतात बनवायचे, किंमत सुमारे 800 युरो. जत्रेत घासाघीस करून वहाण घेणाऱ्याने हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

आता दुकानातले. पहिली पाहायची ती कड. अंगठा घालायच्या भोकाशी किंवा पट्ट्याच्या टोकाला कापलेली धार दिसते. ती आरपार तपकिरी असेल तर झाडपाल्याने कमावलेले चामडे. मधली रेघ निळसर-राखाडी असेल तर क्रोम. आत कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. मग तळाची बाजू नखाने दाबा. पुठ्ठा असेल तर नख रुतून खूण राहते. पाण्याचा थेंब टाकून पाहायचा असेल तर तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला टाका. वरून मेण लावलेले असते, तिथे अस्सल चामड्यावरही थेंब घरंगळतो. काडी पेटवून दाखवणारे विक्रेते असतात, त्यांच्या नादी लागू नये : बिघडतो तो आपलाच जोड. लाल किंवा काळा जोड असेल तर ओला पांढरा रुमाल तळावर घासा. रंग लगेच आला तर तो टाचांवर आणि इरकलीच्या काठावरही येणार. लिडकॉमने आता क्यूआर कोडचे लेबल सुरू केले आहे. असेल तर दुकानातच मोबाईलने तपासून घ्यावे, घरी येऊन नव्हे.

मापात लोक सर्वांत जास्त चुकतात. चामडे रुंदीत सैल होते, लांबीत नाही. म्हणून लांबी पहिल्या दिवशीच बरोबर हवी, टाचेमागे अर्धा सेंटिमीटर तळ उरावा. पट्टा आणि अंगठा मात्र थोडे घट्टच हवेत. दुकानातच ऐसपैस वाटलेली वहाण महिन्याभरात पायातून सटकते. पाऊल संध्याकाळी थोडे सुजलेले असते, तेव्हाच मोजावे. कारागिराकडून करून घ्यायची असेल तर कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढा, पेन्सील अगदी सरळ धरा (तिरकी धरली की माप आत जाते), आणि पायाच्या अंगठ्याचा घेर व पावलाच्या उंचवट्याचा घेर सुतळीने वेगळा द्या. दोन्ही पायांचे माप द्या. दोन पाय सहसा सारखे नसतात. बिल पाहताना एवढे ध्यानात ठेवा की 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यापुढे 18 टक्के.

नवी वहाण चावतेच. रात्री पट्ट्याच्या आतून आणि अंगठ्याला एरंडेल किंवा खोबरेल चोळा. एक चमचा तेल दोन्ही पायांना पुरते. सकाळी कोरड्या कापडाने पुसा आणि पहिले चार-पाच दिवस तास-दीड तासच घाला. तेलात बुडवून ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, पण तेल जास्त झाले की तंतू सुटतात, पट्टा लोंबतो आणि धूळ चिकटून रंग काळवंडतो. थंडीत खोबरेल गोठून पट्ट्यावर पांढरट थर दिसतो. ती बुरशी नव्हे, हाताच्या उबेने विरघळतो. पुसल्यावर कुबट वास आला तर मात्र बुरशीच.

बेळगावच्या पावसात ही वहाण बाहेर काढूच नये. पाण्याने सालीचा अर्क धुऊन जातो, तळ फुगतो, वादीचे टाके ढिले पडतात. चुकून भिजली तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की वरचा थर आधी आवळतो आणि तळाला कमान येते. ती पुन्हा सरळ होत नाही. मिरगाच्या आधी पुसून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा हवा दाखवायची आणि दसऱ्याला काढायची.

सर्वांत आधी तुटतो तो अंगठा, कारण प्रत्येक पावलाला ओढ त्याच्यावर येते. तो बदलून मिळतो, जोड टाकायची गरज नसते. फक्त दुरुस्तीला देताना वादीनेच शिवायला सांगा. घाईत लोखंडी खिळा मारला तर चामड्यातला बाभळीचा अर्क लोखंडाशी मिळून भोवती काळा डाग पसरतो, आणि तो कुठल्याही पॉलिशने जात नाही.