हॉजसन, रॉय

हॉजसन, रॉय (जन्म : ९ ऑगस्ट १९४७, क्रॉयडन). इंग्लिश फुटबॉलपटू, प्रशिक्षक व मॅनेजर. खेळाडू म्हणून इंग्लंडच्या वरच्या साखळ्यांपर्यंत (लीगपर्यंत) ते कधी पोहोचलेच नाहीत. मॅनेजर म्हणून मात्र १९७६ पासून २०२४ पर्यंत त्यांनी स्वीडन, इंग्लंड, स्वित्झर्लंड, इटली, डेन्मार्क आणि नॉर्वे या सहा देशांतले क्लब सांभाळले आणि स्वित्झर्लंड, संयुक्त अरब अमिरात, फिनलंड व इंग्लंड अशा चार राष्ट्रीय संघांची सूत्रे हाती घेतली. आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांना ते आठवतात ते २०१६ मध्ये आइसलँडकडून हरलेल्या इंग्लंडचे मॅनेजर म्हणून. त्या एका रात्रीवरून त्यांची किंमत करणे अन्यायाचे आहे. साधारण कुवतीच्या अकरा जणांना मैदानात कुठे उभे राहायचे हे नीट शिकवले, तर ते स्वतःपेक्षा तगड्या संघाला अडवू शकतात, हे त्यांनी ठिकठिकाणी दाखवून दिले. स्वीडनच्या फुटबॉलचा तर त्यामुळे चेहराच बदलला.

सुरुवात

हॉजसन दक्षिण लंडनमधल्या कष्टकरी घरात वाढले. वडील बसचालक होते. क्रिस्टल पॅलेस हा घराजवळचा क्लब. त्याच्या युवा संघात त्यांना जागा मिळाली, पण मुख्य संघात एकदाही नाही. मग टनब्रिज, ग्रेव्हजेंड, मेडस्टोन, अ‍ॅशफर्ड, कारशल्टन अशा निमव्यावसायिक क्लबांतून ते खेळत राहिले. अशा क्लबांत शनिवारी सामना आणि बाकीचे दिवस नोकरी. हॉजसन शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. १९७३-७४ चा हंगाम ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या बेरिया पार्क क्लबकडून खेळले. वर्णभेदाच्या राजवटीतली ती साखळी फक्त गोऱ्या खेळाडूंसाठी होती, हेही इथे नोंदवायला हवे.

या काळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॉब हॉटन यांची मैत्री. दोघे एकाच वयाचे, आणि खेळाडू म्हणून आपण फार मोठे होणार नाही हे दोघांनाही लवकर कळलेले. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षण संचालक अ‍ॅलन वेड यांच्या अभ्यासक्रमांतून दोघे घडले. खेळ म्हणजे नुसता दम आणि धाडस नव्हे, त्याची तत्त्वे मांडता येतात आणि शिकवता येतात, ही वेड यांची शिकवण. इंग्लंडमधल्या मुरलेल्या मॅनेजरांना ती पुस्तकी वाटे. या दोघांनी ती मनावर घेतली. मेडस्टोनला हॉटन मॅनेजर झाले तेव्हा हॉजसन त्यांच्या हाताखाली खेळले आणि शिकवण्यातही मदत करू लागले.

स्वीडन

१९७४ मध्ये हॉटन स्वीडनच्या माल्मो क्लबमध्ये गेले आणि पहिल्या दोन्ही हंगामांत विजेते ठरले. त्यांच्या शिफारशीवरून १९७६ मध्ये हाल्मस्टाडने हॉजसन यांना बोलावले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. हाल्मस्टाड हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचे छोटे शहर. साखळीत तळाला राहिलेले क्लब पुढच्या वर्षी खालच्या साखळीत जातात. तिथला क्लब आदल्या वर्षी केवळ गोलफरकावर (केलेले गोल वजा झालेले गोल) वरच्या साखळीत तगला होता. नव्या हंगामात तरी तो खाली जाणारच, अशी सर्वांची अटकळ होती. त्याच वर्षी हाल्मस्टाडने साखळी जिंकली. क्लबच्या इतिहासातले ते पहिले विजेतेपद. खुद्द हॉजसन या विजयाला आपल्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम मानत आले आहेत.

हे कसे घडले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळी स्वीडनमध्ये पश्चिम जर्मनीच्या धर्तीचा खेळ रुजलेला होता. प्रत्येक बचावपटूने आपला माणूस धरायचा, तो जाईल तिकडे जायचे, आणि या सगळ्यांच्या मागे एक मोकळा बचावपटू म्हणजे लिबेरो ठेवायचा. हॉटन आणि हॉजसन यांनी हे मोडीत काढले. त्यांच्या पद्धतीत बचावपटू माणूस धरत नाही, जागा धरतो. चेंडू कुठे आहे आणि शेजारचा सहकारी कुठे आहे, यावरून त्याची जागा ठरते. बचावात चौघांची एक रांग, तिच्यापुढे मधल्या फळीतल्या चौघांची दुसरी रांग आणि पुढे दोघे. चेंडू उजवीकडे गेला की अख्खा संघ उजवीकडे सरकतो, आणि पुढे गेला की मागची रांगही पुढे येते. त्यामुळे दोन रांगांमधली फट बुजते, प्रतिस्पर्ध्याला वळायलाही जागा उरत नाही आणि मागे पळणारे आघाडीवीर ऑफसाइडमध्ये, म्हणजे बचावाच्या रांगेपलीकडे नियमाबाहेर, सापडतात. चेंडू मिळाला की तो विनाविलंब पुढे.

कागदावर हे सोपे दिसते. खरी परीक्षा सरावात असे. आठ जणांच्या मनात एकाच क्षणी एकच हालचाल यायला हवी, आणि ती नुसत्या भाषणाने येत नाही. हॉजसन समोर प्रतिस्पर्धी न ठेवता अकरा जणांना मैदानात उभे करत, चेंडू इकडून तिकडे फिरवत आणि प्रत्येकाला दोन पावले इकडे, तीन पावले तिकडे सरकायला लावत. चुकले की खेळ थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा सुरू करायचा. पाढे घोटून घ्यावेत तसे हे रोज चाले. खेळाडू कंटाळत, पण सामन्यात पाय आपोआप जागेवर जाऊ लागले की तक्रार उरत नसे. पुढे मिलान असो की लंडन, हॉजसन यांच्या हाताखाली खेळलेल्यांच्या आठवणींत या सरावाचा उल्लेख हमखास येतो.

१९७४ ते १९७९ या सहा हंगामांपैकी पाच विजेतेपदे या दोन मित्रांनी वाटून घेतली : माल्मोने १९७४, १९७५ आणि १९७७, तर हाल्मस्टाडने १९७६ आणि १९७९. मधल्या १९७८ मध्ये तेवढा ओस्टर क्लब जिंकला. १९७९ मध्ये हॉटन यांचा माल्मो युरोपियन कप या युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि म्युनिकमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून एका गोलने हरला. तरीही स्वीडनमध्ये या पद्धतीवर कडाडून टीका झाली. हा खेळ यांत्रिक आहे, खेळाडूच्या कल्पकतेला त्यात वाव नाही, असे तिथल्या जाणत्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. मात्र याच पद्धतीवर आपला संघ बांधून तरुण स्वीडिश प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन यांनी १९८२ मध्ये योटेबोरी या स्वीडिश क्लबला यूएफा कप ही युरोपीय क्लबांची दुसरी एक स्पर्धा जिंकून दिली, आणि मग वादाचा जोर ओसरला. हेच एरिक्सन २००१ मध्ये इंग्लंडचे पहिले परदेशी मॅनेजर झाले.

हॉटन यांचे नाव भारतीय वाचकांना अनोळखी नाही. २००६ ते २०११ या काळात ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. भारताने नेहरू कप २००७ आणि २००९ मध्ये जिंकला, २००८ मध्ये एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि २०११ मध्ये २७ वर्षांनी आशियाई कपमध्ये पाऊल ठेवले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी आणि समीर नाईक त्यांच्या हाताखाली खेळले. हाल्मस्टाड आणि माल्मोत घोटलेल्या त्या दोन रांगा अशा वाटेने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमपर्यंत आल्या.

१९८० मध्ये हॉटन ब्रिस्टल सिटी या इंग्लिश क्लबचे मॅनेजर झाले आणि हॉजसन त्यांचे साहाय्यक. क्लब कर्जात बुडालेला होता. १९८२ मध्ये तो वाचवण्यासाठी आठ खेळाडूंना आपले करार सोडून द्यावे लागले. काही महिने हॉजसन यांनी एकट्याने कारभार पाहिला, पण तिथे करण्यासारखे काही उरले नव्हते. ते स्वीडनला परतले. १९८५ ते १९८९ अशी पाच वर्षे त्यांचा माल्मो साखळीच्या गुणतक्त्यात दरवर्षी पहिला आला. त्या काळी विजेता बाद फेरीने ठरत असल्यामुळे प्रत्यक्ष विजेतेपदे दोनच, १९८६ आणि १९८८ ची. १९८९ मध्ये माल्मोने युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत इटलीच्या विजेत्या इंटर मिलानला बाहेर काढले.

स्वित्झर्लंड आणि इंटर

१९९० मध्ये ते न्यूशातेल झामाक्स या स्विस क्लबकडे गेले आणि दोन वर्षांत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. स्वित्झर्लंड १९६६ नंतर विश्वचषकाला पात्र ठरले नव्हते. १९९४ च्या पात्रता फेरीत गटात इटली, पोर्तुगाल आणि स्कॉटलंड असताना हॉजसन यांचा संघ दुसरा आला, आणि बर्नमध्ये त्याने इटलीला १-० असे हरवले. ऑगस्ट १९९३ मध्ये फिफाच्या क्रमवारीत स्वित्झर्लंड तिसऱ्या क्रमांकावर होते. अमेरिकेतल्या विश्वचषकात त्यांनी रुमानियाचा ४-१ असा फडशा पाडला, पण उपउपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून ०-३ असे हरले. पाठोपाठ हा संघ प्रथमच युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. माझ्या मते हाल्मस्टाडनंतरचे हे त्यांचे सर्वांत भरीव काम आहे. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन बोलणाऱ्या खेळाडूंचा संघ एका सूत्रात बांधणे हे नुसत्या आखणीचे काम नव्हते. हॉजसन स्वतः अनेक भाषा बोलतात, आणि परक्या देशात गेल्यावर तिथली भाषा शिकणे हा ते कामाचाच भाग मानत.

युरो १९९६ सुरू होण्याआधीच ते इंटर मिलानमध्ये गेले. अडखळत असलेला संघ त्यांनी सावरला. पहिल्या मोसमात सातवा आणि दुसऱ्यात तिसरा क्रमांक मिळाला. १९९७ च्या यूएफा कपच्या अंतिम लढतीत मात्र जर्मनीच्या शाल्केकडून सान सिरो या घरच्या मैदानावर पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव झाला. तिथून ते इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न क्लबकडे आले. पहिल्या मोसमात संघ सहावा आला, दुसऱ्यात तळाला गेला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव पुढची नऊ वर्षे फारसे कोणी घेतले नाही. या काळात त्यांनी कोपनहेगन क्लबला २००१ चे डॅनिश विजेतेपद मिळवून दिले आणि अमिरातीत व नॉर्वेत काम केले. फिनलंडला तर त्यांनी युरो २००८ च्या उंबरठ्यापर्यंत नेले. त्याच पात्रता फेरीत हेलसिंकीला बेल्जियमविरुद्धच्या सामन्यात एक मोठे घुबड मैदानात उतरले, गोलखांबावर बसले आणि खेळ थांबला. फिनलंड तो सामना २-० ने जिंकले, आणि तेव्हापासून त्या संघाला घुबडांचेच टोपणनाव आहे.

फुलहॅम

डिसेंबर २००७ अखेरीस त्यांनी लंडनच्या फुलहॅम क्लबची जबाबदारी घेतली, तेव्हा संघ खालच्या साखळीच्या वाटेवर होता. एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-२ असे मागे पडल्यावर सारे संपल्यासारखे वाटत होते. तो सामना ३-२ असा जिंकला गेला. अखेरच्या दिवशी पोर्ट्समथमध्ये डॅनी मर्फीने डोक्याने गोल केला आणि फुलहॅम गोलफरकावर तगले. पुढच्या मोसमात संघ सातवा आला, तोवरचा त्यांचा सर्वोच्च क्रमांक.

२००९-१० चा युरोपा लीगचा (यूएफा कपचेच हे नवे नाव) प्रवास टेम्सकाठच्या त्या जुन्या मैदानाला कधी विसरता येणार नाही. आदल्या वर्षीचा यूएफा कप विजेता शाख्तार हरला. युव्हेंटसकडून तुरिनमध्ये १-३ असे हरल्यावर परतीच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला युव्हेंटसच्या त्रेझेगेने गोल केला, म्हणजे एकूण फरक तीन गोलांचा झाला. तिथून फुलहॅमने ४-१ अशी बाजी मारली. शेवटचा गोल क्लिंट डेम्प्सीचा. गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचललेला तो चेंडू आजही पाहावा असा आहे. पुढे वोल्फ्सबुर्ग आणि हॅम्बुर्ग हरले. अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेत दिएगो फोर्लानच्या गोलाने आत्लेतिको माद्रिदने तो २-१ असा घेतला. त्या वर्षी इंग्लंडमधल्या मॅनेजरांनीच हॉजसन यांची वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर म्हणून निवड केली.

मोठी पदे

जुलै २०१० मध्ये ते लिव्हरपूलला गेले. क्लब मालकीच्या भांडणात अडकला होता, खेळाडू नाराज होते आणि प्रेक्षकांना क्लबचे जुने लाडके खेळाडू आणि मॅनेजर केनी डॅलग्लिश हवे होते. नॉर्दॅम्प्टनसारख्या चौथ्या स्तरावरच्या संघाकडून घरच्या मैदानावर हार झाली. जानेवारी २०११ मध्ये ते बाहेर पडले. परिस्थिती वाईट होती हे खरे, पण सावधपणे जागा राखून खेळण्याची पद्धत जिंकण्याची सवय असलेल्या क्लबला मानवत नाही, हेही तिथे दिसले. पाठोपाठ वेस्ट ब्रॉमविच या इंग्लिश क्लबला त्यांनी लगेच स्थैर्य दिले आणि मे २०१२ मध्ये ते इंग्लंडचे मॅनेजर झाले.

इंग्लंडबरोबरची चार वर्षे पात्रता फेऱ्यांत चांगली आणि स्पर्धांत निराशेची गेली. युरो २०१२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत इटलीने पेनल्टींवर हरवले. २०१४ च्या विश्वचषकात इटली, उरुग्वे आणि कोस्टा रिका यांच्या गटात एकच गुण मिळाला. १९५८ नंतर प्रथमच इंग्लंड गटातच बाद झाले. युरो २०१६ साठी दहापैकी दहा सामने जिंकून संघ फ्रान्सला गेला आणि २७ जून रोजी नीस येथे आइसलँडकडून १-२ असा हरला. हॉजसन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. समोरच्या आइसलँडचे एक प्रशिक्षक लार्स लागरबॅक हे स्वीडिश होते. त्यांचा संघ चौघांच्या दोन घट्ट रांगांत खेळत होता, आणि इंग्लंडला त्यांच्यामधली फट शेवटपर्यंत सापडली नाही.

पुन्हा क्रॉयडन

सप्टेंबर २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने सत्तरीतल्या हॉजसन यांना बोलावले. संघ पहिले चारही साखळी सामने एकही गोल न करता हरला होता, आणि त्यांच्या हाताखालीही पुढचे तीन तसेच गेले. आठव्या सामन्यात पॅलेसने गतविजेत्या चेल्सीला २-१ असे हरवले आणि मोसमाअखेर संघ अकरावा आला. पहिले सात सामने गमावूनही वरच्या साखळीत टिकलेला हा पहिलाच संघ. फेब्रुवारी २०१९ मध्ये बॉबी रॉब्सन यांना मागे टाकून ते प्रीमियर लीगचे (इंग्लंडच्या सर्वांत वरच्या साखळीचे) सर्वांत वयस्कर मॅनेजर ठरले. २०२१ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी त्यांना सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. २०२२ मध्ये वॉटफर्ड क्लबला मात्र ते खालच्या साखळीत जाण्यापासून वाचवू शकले नाहीत. मार्च २०२३ मध्ये पॅलेसने त्यांना पुन्हा हाक दिली. संघ सावरला आणि पुन्हा अकरावा आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सराव सुरू असताना त्यांची प्रकृती बिघडली. काही दिवसांतच त्यांनी पद सोडले आणि ऑलिव्हर ग्लासनर यांनी सूत्रे घेतली. तेव्हा हॉजसन ७६ वर्षांचे होते.