फोनला आपला ‘प’ का कळत नाही

फोनला बोलून काही सांगितलं आणि त्याने भलतंच लिहिलं, की शेजारचा माणूस हमखास म्हणतो, ‘अरे, जरा स्पष्ट बोल ना!’ मग बोलणारा आवाज चढवतो, एकेक अक्षर तोडून म्हणतो आणि फोन बऱ्याचदा आधीपेक्षाही वाईट लिहितो. शेवटी आपला उच्चारच अशुद्ध, अशी समजूत करून घेऊन तो नाद सोडतो. ही समजूत मला मुळापासून खोडायची आहे, कारण घोटाळा नेमका कुठे होतो हे मिलिसेकंदांत मोजून दाखवता येतं.

मशीनपर्यंत पोहोचतो तो फक्त हवेचा बदलता दाब. सॉफ्टवेअर त्याचे साधारण 25 मिलिसेकंदांचे तुकडे घेतं, दर 10 मिलिसेकंदांनी एक, त्यामुळे शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे ते मोजलं जातं. त्या आकड्यांवरून इथे कुठला ध्वनी असण्याची शक्यता किती, हा अंदाज बांधला जातो आणि तो बांधायचा कसा हे मशीन आधी ऐकवलेल्या हजारो तासांच्या आवाजांवरून शिकलेलं असतं. सगळा संभाव्यतेचा हिशेब.

आता ‘प’ घेऊ. ओठ मिटतात, मागे हवा कोंडते, ओठ उघडतात, हवा सुटते. ‘ब’ म्हणतानाही ओठ हेच करतात. फरक असतो तो घशातले स्वरतंतू थरथरायला कधी लागतात, एवढाच. ओठ उघडल्यापासून ही थरथर सुरू होईपर्यंतच्या वेळेला ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’ म्हणतात. गळ्यावर बोट ठेवून सावकाश ‘ब’ म्हणा. ओठ अजून मिटलेले असतानाच बोटाला थरथर लागते, म्हणजे ही वेळ उणे आहे, शंभरेक मिलिसेकंदांपर्यंत उणे. ‘प’ म्हणताना ओठ उघडणं आणि थरथर जवळजवळ एकदमच होतं, म्हणून वेळ शून्याच्या आसपास. ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’मध्ये आधी नुसती हवा बाहेर पडते, थरथर मागाहून येते, म्हणून वेळ अधिक. ‘भ’ मात्र या मापात नीट मावत नाही. त्यात थरथर आधीपासूनच असते आणि ओठ उघडल्यावर तिच्यात श्वासही मिसळतो. एका आकड्याने त्याची ओळख पटत नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर टोक वाटतं.

ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन या अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली 11 भाषांमध्ये ही वेळ मोजून प्रसिद्ध केली. त्या 11 भाषांत मराठी होती, हिंदीही होती. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीच्या ‘पी’ची वेळ आली सुमारे 60 मिलिसेकंद आणि ‘बी’ची बहुतेकदा शून्याच्या जवळपास. म्हणजे इंग्रजीचा ‘बी’ ज्या जागी बसतो, त्याच जागी आपला ‘प’ बसतो! मराठी माणूस इंग्रजी बोलताना ‘पिन’ म्हणतो, तेव्हा अमेरिकी आवाजांवर शिकलेल्या मशीनला तिथे ‘बिन’ दिसला तर त्याचं गणित चुकलेलं नसतं. त्याने सीमारेषा भलत्या ठिकाणी आखलेली असते, इतकंच. बोलणाऱ्याकडून तर काहीच चुकलेलं नसतं. त्याच्या ‘प’ आणि ‘ब’मध्ये शंभरेक मिलिसेकंदांचं अंतर आहे, इंग्रजीतल्या अंतराहून बरंच जास्त.

पुढे संदर्भ थोडी डागडुजी करतो. ‘पिन’नंतर ‘कोड’ आला तर ‘बिन’ची शक्यता घसरते, कारण ‘बिन कोड’ कुणी फारसं म्हणत नाही. माणसांची आणि गावांची नावं मात्र या मदतीबाहेर राहतात आणि सर्वांत जास्त विटंबना त्यांचीच होते.

इथे एक फिरता दावाही निकालात काढतो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने सिद्ध केलं, असा निरोप वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. त्याचं मूळ आहे नासाच्या एका केंद्रात काम करणारे संशोधक रिक ब्रिग्ज यांचा 1985 चा एक लेख. त्याचा विषय संगणकात ज्ञान कसं मांडावं हा होता, आवाज ओळखण्याशी त्याचा संबंध नाही. देवनागरीत बोलतो तसं लिहितो म्हणून आपली भाषा मशीनला आपोआप सोपी जाईल, हाही भ्रमच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ कागदावर एकच दिसतो, कानाला दोन वेगळे ऐकू येतात. ‘पाणी’ला सहज ‘पानी’ म्हणणारे लाखो लोक आहेत ते निराळेच.

हा प्रश्न एकाच भाषेच्या पोटातही तितकाच टोकदार आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकात ‘टिमिट’ नावाचा ध्वनिसंग्रह तयार झाला. 8 बोलीविभागांतल्या 630 जणांनी त्यात प्रत्येकी 10 वाक्यं वाचली. त्यातली दोन वाक्यं सर्वांना सारखीच होती, बोलींमधला फरक उघडा पडावा म्हणून मुद्दाम रचलेली. म्हणजे अडचण तेव्हाही माहीत होती. तरी 2020 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका निघाल्या आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. दोन्ही गटांनी उच्चारलेले अगदी तेच शब्दसमूह शेजारी ठेवले, तरी तफावत राहिली. याचा अर्थ शब्दांच्या निवडीत नव्हे, आवाजाच्या आकलनातच खोट होती. म्हणून ‘95 टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली, की कुणाच्या आवाजावर मोजलं, हे पहिलं विचारावं.

उपाय काय? वेगवेगळ्या बोलींचा आवाज जास्त ऐकवणं, हे खरंच आहे. पण ‘प’ आणि ‘ब’मधली सीमारेषा मराठीसाठी शून्याच्या खाली आणि इंग्रजीसाठी तीस मिलिसेकंदांपाशी, अशी एकाच वेळी दोन ठिकाणी आखता येत नाही. बोलणारा कोण आहे, याचा अंदाज मशीनला आधी घ्यावा लागतो. माणसाचा कान हेच करतो आणि अनोळखी धाटणीला एखाद्या मिनिटातच सरावतो. 2022 साली आलेली ओपनएआय कंपनीची ‘व्हिस्पर’ ही आवाज ओळखणारी प्रणाली 30 सेकंदांचा आवाज एकत्र पाहते. एवढ्या बोलण्यात ‘प’ बऱ्याचदा येऊन जातो आणि या माणसाचा ‘प’ कुठे बसतो याचा माग लागू शकतो. दोन शब्दांच्या हुकुमात तसं काहीच हाती लागत नाही. तेव्हा फोन ऐकत नसेल तर तोच शब्द ओरडून तोडण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या लयीत पूर्ण वाक्य बोलून पाहावं.