काटेरी कोळी (गॅस्टेराकँथा) : वर्णन आणि जातींची ओळख

काटेरी कोळी ही गोल जाळे विणणाऱ्या ॲरेनिडी कुळातील प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ सुंडेव्हाल यांनी १८३३ मध्ये तिला गॅस्टेराकँथा हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘गास्टर’ म्हणजे पोट आणि ‘आकान्था’ म्हणजे काटा. जगाच्या उष्ण भागांत तिच्या सुमारे ७० जाती आहेत.

पावसाळा सरता सरता नाशिकजवळच्या अंजनेरीची किंवा ब्रह्मगिरीची वाट चढताना करवंदीच्या दोन झुडपांमधल्या मोकळ्या जागेत हा कोळी हमखास शोधावा. आधी जाळे दिसतच नाही. दिसते ती हवेत तरंगणारी पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. जाळ्याला ताणून धरणाऱ्या दोऱ्यांवर कोळ्याने थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे बारीक पुंजके लावलेले असतात. त्या ओळीवरून नजर आत नेली की मधोमध डोके खाली करून बसलेली मादी सापडते. तिचे पोट खेकड्याच्या पाठीसारखे टणक, चकचकीत आणि लांबीपेक्षा रुंद असते. कडेला सहसा सहा काटे : दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि मागे दोन. मादी जेमतेम नखाएवढी असते. नर दोन-तीन मिलिमीटरचा आणि मळकट रंगाचा, काट्यांच्या जागी त्याला नुसते उंचवटे असतात. तो सहजी नजरेस पडत नाही, त्यामुळे अनेक जातींची वर्णने केवळ माद्यांवरून झाली आहेत. अभ्यासातली ही मोठी उणीव आहे.

जात ठरवताना सर्वाधिक चुका रंगामुळे होतात. अमेरिकेतील गॅस्टेराकँथा कँक्रिफॉर्मिस ही जात वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्येच नोंदवली होती. तिचे पोट कुठे पांढरे, कुठे पिवळे, कुठे नारिंगी. काटे कधी लाल तर कधी काळे. या फरकांपायी एकाच जातीला पुढे कितीतरी नावे मिळाली आणि नंतर ती रद्द करावी लागली. शिवाय नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की पिवळे-तांबडे रंग फिके पडतात. म्हणून रंग ही नुसती सुरुवातीची खूण धरावी, निर्णायक नव्हे.

काटे अधिक भरवशाचे. तीन जोड्यांपैकी सर्वांत लांब कोणती, काटे सरळ आहेत की मागे वळलेले, बुंध्याशी जाड होऊन एकदम निमुळते होतात की सारखेच बारीक राहतात, पोटाच्या रुंदीच्या मानाने त्यांची लांबी किती, हे पाहावे. पाठीवर खोलगट डागांच्या ओळी असतात. आतले स्नायू कवचाला जिथे चिकटतात त्या या जागा. मधल्या चार डागांचा आकार आणि मांडणी टिपून ठेवावी. खालच्या बाजूला रेशीम सोडणाऱ्या नळ्यांभोवती टणक कडे असते. ती या गटाचीच खूण आहे. शेवटचा निवाडा मात्र मादीच्या जननांगाचा आकार आणि नराच्या तोंडाजवळील पादमृश (पायासारख्या अवयवांची जोडी) सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

सह्याद्रीत भेटणारी ठळक जात गॅस्टेराकँथा जेमिनाटा (फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नोंदवलेली). तिच्या फिकट पिवळ्या-पांढऱ्या पोटावर गडद आडवे पट्टे असतात. भारतापासून जपानपर्यंत पसरलेली गॅस्टेराकँथा कुहली पांढरी-काळी आणि आखूड काट्यांची. हॅसेल्टी ही पिवळी-नारिंगी, काळ्या डागांची; तिची मधली जोडी लांब असते. जुन्या पुस्तकांत ती गॅस्टेराकँथा म्हणूनच आढळेल, पण मलेशियातील नमुन्यांच्या डीएनएवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासानंतर ती मॅक्राकँथा प्रजातीत गेली. याच प्रजातीतल्या मॅक्राकँथा आर्क्युआटाचे मधले काटे बैलाच्या शिंगांसारखे वर वळलेले आणि अंगापेक्षा कितीतरी लांब असतात, त्यामुळे तिच्याबाबत घोटाळा होत नाही. थेलाकँथा ब्रेव्हिस्पिना दिसायला काटेरी कोळ्यांचीच भावंड, पण तिच्या काट्यांचा बुंधा फुगीर आणि टोक अगदी इवलेसे असते. भारतीय जाती पडताळायला कोळ्यांचे अभ्यासक पोकॉक यांचा १९०० चा आणि टिकादर यांचा १९८२ चा ग्रंथ आजही उघडावे लागतात. नावे तेवढी नव्या यादीशी जुळवून घ्यावीत.

या कोळ्यापासून माणसाला धोका नाही. छायाचित्र घ्यायला त्याला जाळ्यातून काढू नये. धक्का लागला की तो दोरीवरून सरसर पानामागे जातो. जाळे उघड्यावर असते, म्हणून झुडपाला वळसा घालून पाठ आणि पोट दोन्ही बाजू टिपता येतात. एक चित्र बाजूने घ्यावे म्हणजे काट्यांचा कल कळतो. पिल्लांचे काटे पुरते वाढलेले नसतात आणि रंगही बदलत जातात. अशा नमुन्यावर जातीचे नाव लादू नये. ‘गॅस्टेराकँथा, पिल्लू’ एवढे, ठिकाण आणि तारीख लिहून नोंद तिथेच थांबवावी.