कोर्टाच्या दारातून आलेले प्रश्न : डिजिटल फॉरेन्सिक परिषदांची पार्श्वभूमी

संगणकशास्त्राच्या बहुतेक परिषदांत शोधनिबंधाला पहिला प्रश्न येतो तो ‘यात नवीन काय?’ असा. डिजिटल फॉरेन्सिकच्या, म्हणजे संगणक-फोनमधून कोर्टात टिकेल असा पुरावा शोधण्याच्या शास्त्राच्या, परिषदेत तोही येतो, पण त्याच्या मागोमाग आणखी काही प्रश्न हमखास येतात. हीच पद्धत दुसऱ्या कुणी वापरली तर उत्तर तेच येईल का? ती चुकते तेव्हा किती चुकते आणि कुठे? तपासताना मूळ पुराव्याला धक्का लागतो का? पहिल्यांदाच निबंध पाठवणाऱ्याला समीक्षकांचे हे शेरे खोचक वाटतात. ‘आमचे टूल तिप्पट वेगाने चालते, हे यांना दिसत नाही का?’ असे मनात येते. दिसते, पण या क्षेत्रात वेगापेक्षा चुकीचा हिशेब आधी मागितला जातो. ही सवय लागली त्याचा इतिहास फार जुना नाही, पण बराच वळणावळणांचा आहे.

सुरुवातीला हे शास्त्र नव्हतेच, कसब होते. अमेरिकेच्या एफबीआयने १९८४ मध्ये चुंबकीय माध्यमे तपासण्याचा एक कार्यक्रम सुरू केला आणि त्यातूनच पुढे तिचे संगणक तपासणीचे खास पथक उभे राहिले. त्या काळात हे काम करणारे बहुतेक जण संगणकाची आवड असलेले पोलीस. कुणी फ्लॉपीवरची पुसलेली फाइल परत आणून दाखवली की पुढची फ्लॉपी त्याच्याच टेबलावर यायची. डिस्क दुरुस्त करायला बनवलेली साधने पुरावा शोधायला वापरली जात. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जायचे ते तोंडी आणि प्रशिक्षणवर्गांतून, ‘असे करा, तसे करू नका’ या थाटात. का, हे विचारायला फुरसत कुणालाच नव्हती.

‘चालू संगणक सापडला तर थेट प्लग खेचा’ हा त्यातलाच एक दंडक. रीतसर बंद केला तर ऑपरेटिंग सिस्टिम जाता जाता फाइली बदलते, तात्पुरत्या फाइली पुसते. प्लग खेचला की डिस्क आहे तशी राहते. तर्क बिनचूक होता, पण फक्त डिस्कपुरता. रॅममधले, म्हणजे संगणक चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीतले, सगळे त्याच क्षणी नाहीसे होते, आणि त्याची हळहळ वाटायला अजून बरीच वर्षे होती.

१९९३ मध्ये क्वांटिको इथे एफबीआयच्या आवारात संगणकीय पुराव्यावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्या चर्चेतून १९९५ मध्ये संगणकीय पुराव्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. हे मेळावे प्रामुख्याने तपास यंत्रणांचे होते. एका देशात जप्त केलेली डिस्क दुसऱ्या देशाच्या कोर्टात मान्य व्हावी, तर दोघांची हाताळणी एकसारखी हवी, ही त्यांची निकड. संशोधन हा शब्द तिथे फारसा नव्हता.

खरे वळण मिळाले ते १९९३ मध्येच, आणि तेही भलतीकडूनच. ‘डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाऊ’ हा १९९३ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा खटला गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या जाणाऱ्या एका औषधाचा होता. त्या औषधामुळे मुलांत जन्मजात व्यंग आले असा पालकांचा दावा. संगणकाचा त्यात कुठेच संबंध नव्हता. पण तज्ज्ञाची साक्ष मान्य करायची की नाही हे ठरवताना न्यायाधीशाने काय पाहावे, याच्या काही कसोट्या न्यायालयाने सांगितल्या. पद्धत तपासून पाहता येते का आणि पाहिली गेली आहे का? ती प्रसिद्ध होऊन जाणकारांच्या समीक्षेतून गेली आहे का? तिचे चुकण्याचे प्रमाण माहीत आहे का? त्या क्षेत्रात ती सर्वसाधारणपणे स्वीकारली गेली आहे का? आधीची कसोटी १९२३ सालची होती आणि तिचा सगळा भर या शेवटच्या मुद्द्यावर होता.

आता हे डिजिटल तपासनिसाच्या जागी उभे राहून वाचा. तुमची पद्धत कुठे प्रसिद्ध झाली आहे? कुठेच नाही. चुकण्याचे प्रमाण? मोजलेले नाही. तोवर विद्वानांचा शौक वाटणारी समीक्षा आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लागणारी गोष्ट झाली. माझ्या मते डिजिटल फॉरेन्सिकच्या शैक्षणिक परिषदा जन्माला आल्या त्या या पोकळीतून. संगणकशास्त्राची एक शाखा वाढत वाढत तिथवर पोचली, असे घडलेले नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या युटिका या गावी एक कार्यशाळा झाली. शेजारच्याच रोम गावात अमेरिकी हवाई दलाची संशोधन प्रयोगशाळा आहे आणि या कार्यशाळेमागे तिचाच हात होता. विद्यापीठातले संशोधक, प्रत्यक्ष डिस्क तपासणारे, लष्करी विश्लेषक असे पन्नासेक लोक जमले. चर्चेचा अहवाल गॅरी पामर यांनी संकलित केला आणि तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. या क्षेत्रातल्या निबंधांत आजही ज्या व्याख्येचा हवाला दिला जातो ती या अहवालातली. डिजिटल पुरावा जपणे, गोळा करणे, पडताळणे, ओळखणे, त्याचे विश्लेषण करणे, अर्थ लावणे, नोंद ठेवणे आणि तो मांडणे, यासाठी शास्त्रीय आणि सिद्ध झालेल्या पद्धतींचा वापर, असा तिचा गाभा. शेवटी उद्देश मात्र दोन दिले आहेत : गुन्ह्याच्या घटनाक्रमाची पुनर्रचना करणे, किंवा चालू कामकाजात अडथळा आणू शकणाऱ्या घुसखोरीचा आधीच अंदाज घेणे. पहिला कोर्टाचा, दुसरा लष्कराचा. एका वाक्यात दोन यजमान कसे सांभाळायचे याचा तो उत्तम नमुना आहे. पुढे परिषद कोर्टाच्या बाजूला झुकत गेली, व्याख्या तशीच राहिली.

ही कार्यशाळा म्हणजेच डीएफआरडब्ल्यूएस, अर्थात डिजिटल फॉरेन्सिक रिसर्च वर्कशॉप. नावातला शेवटचा भाग ‘वर्कशॉप’मधून आलेला, परिषद मोठी झाली तरी आद्याक्षरे कुणी बदलली नाहीत. सोबतीला इतर मंच उभे राहत गेले. २००४ मध्ये इओघन केसी यांच्या संपादकत्वाखाली ‘डिजिटल इन्व्हेस्टिगेशन’ हे नियतकालिक सुरू झाले. २००५ मध्ये आयएफआयपी या माहिती-प्रक्रिया क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या डिजिटल फॉरेन्सिक कार्यगटाची पहिली परिषद ऑर्लँडोत झाली. तिचे निबंध दरवर्षी ग्रंथरूपाने निघतात. २००९ च्या सुमारास आणखी काही परिषदांची भर पडली. डीएफआरडब्ल्यूएसची युरोपीय आवृत्ती २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमपासून सुरू झाली आणि आशिया-पॅसिफिकसाठीची २०२१ पासून.

पण जिथे थांबावे असे वर्ष आहे २००५. त्या साली डीएफआरडब्ल्यूएस परिषद न्यू ऑर्लिन्समध्ये भरली, ऑगस्टच्या मध्यावर. दोन आठवड्यांच्या आत कॅटरिना वादळाने ते शहर पाण्याखाली गेले. परिषदेने त्या वर्षी एक जाहीर आव्हान ठेवले होते. घुसखोरी झालेल्या विंडोज २००० संगणकाच्या रॅमच्या प्रती दिल्या आणि विचारले, यातून काय काढता येते ते सांगा. डिस्क नाही, फाइली नाहीत, नुसता स्मृतीचा गाळ. रॅममध्ये शब्द शोधत बसण्यापलीकडे तोवर फारसे कुणी गेले नव्हते. क्रिस बेट्झ यांनी, आणि जॉर्ज गार्नर व रॉबर्ट-यान मोरा या जोडीने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंतर्गत याद्या रॅममधून पुन्हा उभ्या करणारी टूल्स लिहूनच उत्तरे दिली : कोणत्या प्रक्रिया (म्हणजे प्रोग्रॅम) चालू होत्या, कोणत्या लपवल्या होत्या. पुढच्याच वर्षी आंद्रेआस शुस्टर यांनी याद्यांवर न विसंबता प्रक्रियांच्या खुणा थेट रॅमभर हुडकण्याची पद्धत याच परिषदेत मांडली. त्यामुळे संपलेल्या आणि यादीतून काढून टाकलेल्या प्रक्रियाही सापडू लागल्या. २००७ मध्ये ॲरन वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी व्होलॅटिलिटी हे खुले टूल आणले आणि रॅमची तपासणी नेहमीच्या कामाचा भाग होऊ लागली. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन पसरू लागले तसे ‘प्लग खेचा’ हा दंडक उलटा धोक्याचा ठरला, कारण कुलपाची किल्लीच रॅममध्ये असते. एका कोड्याने तपासाची रीत इतकी बदलल्याची उदाहरणे संशोधनात थोडी.

त्या दोन वर्षांत बाकीही बरेच घडले. फाइलप्रणालीची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींची, मदत न घेता डिस्कच्या कच्च्या बाइट्समधून फाइली कोरून काढण्याला कार्व्हिंग म्हणतात. त्यासाठीचे स्कॅलपेल हे टूल गोल्डन रिचर्ड आणि वासिल रूसेव्ह यांनी २००५ मध्ये सादर केले. २००६ मध्ये जेसी कॉर्नब्लम यांनी एसएसडीप मांडले. साधा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला तिचा अंकी ठसा, एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलतो. एसएसडीप ‘जवळजवळ सारख्या’ फाइली ओळखतो. मूळ कल्पना अँड्र्यू ट्रिजेल यांच्या स्पॅम ओळखण्याच्या प्रोग्रॅममधून घेतलेली. पुरावाशास्त्रातले एक नावाजलेले हत्यार नकोशा ई-मेलच्या उकिरड्यातून आले, याची मला कायम गंमत वाटते.

परिषदेत भाग घेणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मात्र टूलचा नसतो, डेटाचा असतो. खऱ्या प्रकरणातली डिस्क कुणाला देता येत नाही. त्यात लोकांचे खासगी आयुष्य असते, कधी जवळ बाळगणेही गुन्हा ठरेल असा मजकूर असतो. यातून एक वाट निघाली ती जुन्या डिस्कांमुळे : सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ च्या त्यांच्या निबंधानुसार वाचता आलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या; उरलेल्यांपैकी अनेकींत क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय नोंदी, पत्रव्यवहार असे काय काय निघाले. असाच संग्रह वाढवत गारफिंकल यांनी २००७ मध्ये दाखवले की डिस्कवरच्या एकूण फाइलींपैकी साधारण ६ टक्केच तुकड्यांत विखुरलेल्या असतात, पण तपासाला लागतात त्या प्रकारांत हे प्रमाण कितीतरी जास्त : जेपेग छायाचित्रांत १६ टक्के, आउटलुकच्या ई-मेल फाइलींत ५८ टक्के. म्हणजे फाइल सलग असते असे गृहीत धरणारी कार्व्हिंगची टूल्स नेमक्या हव्या त्या ठिकाणी गंडत होती. खरा डेटा नसता तर हे कळलेच नसते.

२००९ मध्ये गारफिंकल आणि सहकाऱ्यांनी सर्वांना वापरता येईल असे प्रमाणित डेटासंच मांडले, दहा लाखांच्या आसपास सरकारी दस्तऐवजांचा एक संग्रह त्यात होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग २०१७ मध्ये ग्राहेडा, ब्रायटिंगर आणि बग्गिली यांनी २०१० ते २०१५ मधले ७१५ निबंध चाळून हिशेब काढला : स्वतःचा डेटासंच बनवणाऱ्यांपैकी तो इतरांना खुला केला फक्त ३.८ टक्क्यांनी. हा निबंध सादर झाला तो डीएफआरडब्ल्यूएसमध्येच, ज्यांनी डेटा दिला नाही त्यांच्यासमोर. ‘दुसऱ्याने केले तर तेच उत्तर येईल का’ हा समीक्षकाचा शेरा खोचक का असतो, त्याचे निम्मे उत्तर या आकड्यात आहे.

बाहेरूनही टोचणी होतीच. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सगळ्याच न्यायवैद्यक शाखांवर कडक अहवाल दिला. डिजिटल पुराव्याला त्यात जागा थोडी मिळाली, पण बोट बरोबर ठेवले होते : तपासनिसांच्या पात्रतेची सर्वमान्य यादी नाही, शिक्षण-प्रशिक्षणात फार तफावत आहे आणि काही यंत्रणा अजूनही या कामाला शास्त्रीय परीक्षण न मानता तपासाचाच एक भाग मानतात. २०१० मध्ये गारफिंकल यांनी १९९९ ते २००७ हा काळ डिजिटल फॉरेन्सिकचा सुवर्णकाळ होता आणि तो सरत आहे, असे परिषदेतच सांगितले. डिस्क अवाढव्य होत आहेत, फोनचे प्रकार आवरत नाहीत, डेटा क्लाउडवर चालला आहे, एन्क्रिप्शन सर्वत्र येत आहे. भाकीत बहुतांशी खरे ठरले.

पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यात क्लोरोफॉर्मविषयीचे एक वेबपान ८४ वेळा पाहिले गेले अशी साक्ष झाली. ब्राउझरच्या इतिहासाची नोंद टूलने चुकीची वाचली होती; प्रत्यक्षात ते पान एकदाच उघडले होते. चूक पुढे आणली ती टूल बनवणाऱ्यानेच. डॉबर्टमधला ‘चुकण्याचे प्रमाण’ हा मुद्दा पुस्तकी वाटत असेल त्याने ८४ आणि १ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

या सगळ्यामुळे अशा परिषदेतले वातावरण जरा वेगळे असते. सभागृहात प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या बरोबरीने प्रयोगशाळांतले तपासनीस बसलेले असतात, आणि प्रश्नोत्तरांत विद्यार्थ्याला घाम फुटतो तो बहुधा त्यांच्यामुळेच : ‘हे तुम्ही रिकाम्या फोनवर केलेत, चार वर्षे वापरलेल्या फोनवर करून पाहिलेत का?’ संध्याकाळी रोडिओ नावाची स्पर्धा असते. गटागटाने एक बनावट प्रकरण सोडवायचे. तिथे विद्वत्ता आणि हाताची सवय यांतला फरक पंधरा मिनिटांत कळतो.

तपासनिसाची अडचण निराळी. त्याच्याकडे सर्वांत सुरस उदाहरणे असतात आणि तीच त्याला सांगता येत नाहीत. प्रकरण न्यायप्रविष्ट असते, वरिष्ठांची परवानगी लागते. शिवाय व्यासपीठावर उत्साहाच्या भरात केलेले एखादे विधान पुढे उलटतपासणीत विरुद्ध पक्षाचा वकील मोठ्याने वाचून दाखवू शकतो. त्यामुळे अशी माणसे मंचावर तोलून मापून बोलतात, आणि खरी चर्चा चहाच्या सुट्टीत होते.