डिकीतलं ९१ वं स्तोत्र

बेळगाव-खानापूरकडे आपल्या ख्रिस्ती घरांतून ऐकत आलोय: बायबलमधलं ९१ वं स्तोत्र लिहिलेला कागद गाडीत ठेवला की अपघात होत नाही. माझ्याही डिकीत तो आहे, घड्यांवर फाटलेला, आईच्या अक्षरातला. पण देवदूत तुला हातांवर झेलतील, हे त्यातलं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात कोण म्हणतं ते वाचा. सैतान! मंदिराच्या टोकावरून उडी टाक, असं येशूला सांगताना. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन (६:१६) पुढे केलं. त्याच स्तोत्राच्या १५ व्या वचनात देव संकटात सोबत राहीन म्हणतो. म्हणजे संकट येतंच. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं दाटलं, तेव्हा मी प्रार्थना केली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गाडी हळू केली.