बोलण्यातून उपचार : व्हिएन्ना ते ठाणे

मानसोपचार घ्यायचं ठरवलं की घरातून दोन प्रश्न हमखास येतात. 'तुला काय वेड लागलंय का?' आणि 'तिथे जाऊन नुसतं बोलायचं, त्यासाठी पैसे?' पहिल्या प्रश्नामागे आपल्याकडची जुनी भीती आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून 'याला ठाण्याला पाठवा' हे बोलणं मराठी घरांत रुजलं आणि मनाच्या दुखण्याचा संबंध थेट उंच भिंतींशी जोडला गेला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र व्हिएन्नात सापडतं.

तिथे १८८० साली आजारी वडिलांची शुश्रूषा करताना बर्था पापेनहाइम ही तरुणी स्वतःच आजारी पडली. उन्हाळ्याच्या दिवसांत तहानेने जीव कासावीस व्हायचा, पण पेला ओठांना लागला की ती तो दूर लोटायची. सुमारे सहा आठवडे ती फळांवर राहिली. एके दिवशी डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांच्याशी बोलताना तिला आठवलं, की आपल्या शिक्षिकेच्या कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिलं होतं आणि सभ्यतेपोटी किळस गिळून टाकली होती. मनात दाबलेला राग तिने बोलून दाखवला आणि लगेच पाणी मागितलं. या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिलं. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ही हकिगत प्रसिद्ध केली. बर्था पूर्ण बरी झाली असं त्यातून वाटतं, पण नंतरही तिला रुग्णालयात राहावं लागलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण बोललं की लगेच मोकळं, अशी आशा धरून आलेला माणूस चौथ्या सत्रानंतर निराश होऊन थांबतो. पुढे हीच बर्था जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी मोठी कार्यकर्ती झाली.

आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषकांची, म्हणजे फ्रॉइड यांच्या पद्धतीने मनात दडलेलं बोलण्यातून उलगडणाऱ्यांची, संस्था काढली. महाराष्ट्रात मात्र खोल रुजली ती वेगळी शाखा. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस मनोविश्लेषण शिकलेले, पण रुग्ण वर्षानुवर्षं येऊनही फारसे बदलत नाहीत हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९५५ च्या सुमारास त्यांनी नवी पद्धत मांडली : घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, त्या घटनेविषयीचा आपला हट्टी विचार करतो. हा विचार मराठीत आणला कि. मो. फडके यांनी आणि या पद्धतीला 'विवेकनिष्ठ', म्हणजे विवेकाने विचार तपासणारी, हा नेमका शब्द मिळाला. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यातच मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली. तिचं ब्रीद 'सुदृढ मन सर्वांसाठी'. त्यातला 'सर्वांसाठी' मला फार मोलाचा वाटतो. ज्या गावाचं नाव घेऊन माणसं घाबरवली जात, तिथेच आजारी नसलेल्या माणसालाही दार उघडं झालं.

मराठीला या पद्धतीत एक अक्षर आयतं मिळालं आहे : 'च'. 'मला हे जमलंच पाहिजे', 'त्याने माझं ऐकलंच पाहिजे'. नापास झालेला मुलगा असो की बढती हुकलेली बाई, कागदावर आपली वाक्यं लिहून त्यातला 'च' शोधायचा. मग 'जमावं अशी माझी तीव्र इच्छा आहे' असं म्हणून पाहायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण छातीवरचं दडपण खरोखर हलकं होतं. दुःख उरतं, पण कोलमडणं टळतं. हे सवयीने जमतं, म्हणून दोन सत्रांच्या मधला गृहपाठ सत्राइतकाच महत्त्वाचा.

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला आहे, त्याने गोंधळ होतो. पहिल्या भेटीत कोणी सल्ला देईल या अपेक्षेने जाऊ नका. तिथे प्रश्न येतात : काय होतंय, कधीपासून, काय बदलावंसं वाटतं. तुम्हीही विचारा. शिक्षण काय, पद्धत कोणती, बोललेलं कुठे जाणार, गुप्ततेला अपवाद कोणते. दोन-तीन भेटींनंतरही मन उघडत नसेल, तर ते तसं समोर सांगा. गरज पडली तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जा.